ईशान्येचा कोपरा

“वैनी, जरा हिकडं या. आन हळू बोला,” दस्तगीर मिस्त्री म्हणाले.

ते स्टुलावर उभे होते. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून छताकडं एक तिरकी चीर गेली होती, केसाएवढी. आठवड्यापूर्वी त्यांनी तिच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली होती. फोटोच्या फ्रेमची काच कापून केलेली बोटभर पट्टी, दोन्ही टोकांना प्लास्टरचा ठिपका आणि खाली पेन्सिलीनं तारीख. चीर जुनी असेल, भिंत बसून गेली असेल, तर काच वर्षभर तशीच राहते. भिंत अजून हलत असेल तर तुटते.

काच मधोमध तुटली होती.

खाली कॉटवर सिद्राम बिराजदार पडलेला. जतकडचा माणूस, ट्रॅक्टरवरून पडला होता, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. तो वर बघत होता. त्यानं विचारलं, “पाल हाय का वैनी?”

“होती. गेली,” मी म्हणाले.

खोटं बोलायला मला कधी जड गेलेलं नाही. त्या दिवशी मात्र जिना उतरताना मागं वळून बघायचं मी टाळलं.

सगळं नीट सांगते, म्हणजे माझं शहाणपण किती होतं ते कळेल. मिरजेत दवाखाने चिक्कार. लांबलांबहून पेशंट येतात, त्यांच्या माणसांना महिना-दोन महिने राहायला खोली लागते. आमचे हे वीज मंडळात, मी शिवणाचे क्लास घ्यायची. आम्ही जुनी घरं घ्यायची, डागडुजी करायची आणि खोल्या भाड्यानं द्यायच्या असं सुरू केलं होतं. दोन घरं झाली होती. दोन्ही घेताना दस्तगीर मिस्त्री बरोबर होते. भिंत कशी वाजवायची, फरशीवर गोटी सोडून उतार कसा बघायचा, पोपडे कुठले पावसाचे आणि कुठले नळाचे, हे सगळं मी त्यांच्या मागं फिरून शिकले.

मग एका घराला ते नको म्हणाले. म्हणाले, पाया खाली दगडावर गेलेला नाही. आम्ही सोडलं. ते एका कापडवाल्यानं घेतलं, सहा खोल्या काढल्या आणि वर्षभर त्याची एकही खोली रिकामी नव्हती. आमचे हे रोज संध्याकाळी त्या रस्त्यानं यायचे आणि रोज मला सांगायचे, आजपण दोऱ्यांवर कपडे वाळत होते. वर्षभर ऐकलं मी. शेवटी ठरवलं, पुढच्या वेळी मिस्त्रींना न्यायचंच नाही. ते दहा ठिकाणी शंका काढतात. मला सगळं येतंय की आता.

तर सोमणकाकूंचं घर मी एकटीनं बघितलं. खाली तीन खोल्या, वर तीन, वर गच्ची. काकू एकट्याच. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, मुलगा दिनकर पुण्याला. घर इतकं स्वच्छ की फरशीवर जेवावं. मी पर्समधून रुपया काढला आणि घरभर भिंती वाजवत फिरले. खांब वाजवले, तुळया बघितल्या, मोऱ्यांचे कोपरे नखानं उकरले. काकू मागून गंमत बघत होत्या. म्हणाल्या, घर बघताय की नाडी? मी म्हटलं, दोन्ही.

शेवटची खोली देवघराची, ईशान्येच्या कोपऱ्यातली. चप्पल तर बाहेर काढलेलीच होती, तरी उंबऱ्यात पाय पुसले. सागवानी देव्हारा, मखमली पडदा, समई तेवत होती, नुकतीच पूजा झालेली. मी हात जोडले, हातातला रुपया देवापुढं ठेवला आणि बाहेर आले. म्हटलं, घर छान आहे काकू.

पंधरा दिवसांत विसार देऊन साठेखत केलं. काकू अक्षय तृतीयेला देव घेऊन पुण्याला जाणार, त्यानंतर खरेदीखत. तोवर त्या खाली राहणार. वरचा मजला रिकामाच होता, त्याची किल्ली त्यांनी आपणहून दिली. मला कुठला धीर, मी लगेच बिराजदारांना आणून ठेवलं. सिद्रामची बायको महादेवी पाण्यासाठी कुरकुरायला लागली म्हणून गच्चीवर हजार लिटरची नवी टाकी चढवली. टाकी बरोब्बर देवघराच्याच कोपऱ्यावर आली, कारण नळ तिथून वर गेला होता. मिस्त्रींना बोलावलं ते फक्त रंग आणि किरकोळ गिलाव्यासाठी. त्यांना राग आला असणार, पण एक शब्द बोलले नाहीत. फक्त चीर बघितली आणि काच लावली.

आता अंगणात आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, टाकी कधी भरली. मी दिवस सांगितला. त्यांनी बोटं मोजली आणि वर गच्चीकडं बघितलं.

“मिस्त्री, बोला काय ते.”

“हजार लिटर म्हंजी टनभर वजन, वैनी. ते चांगल्या घराला काय जड न्हाई. ह्या घराला झालं. म्हंजी खाली कायतरी दुखतंय.”

आम्ही आधी टाकी रिकामी केली. पाणी गच्चीच्या पन्हळीतून धो धो खाली पडत होतं, एप्रिलच्या उन्हात, आणि महादेवी जिन्यातून विचारत होती की वैनी, चांगलं पाणी का सोडलंय. मी म्हटलं टाकी धुवायची आहे. दुसरं खोटं.

मग मिस्त्रींनी वरून खाली माग काढला. वरची चीर कोपऱ्याकडं झुकलेली. जिन्याजवळच्या भिंतीवर एक बारीक रेघ, तीही कोपऱ्याकडं. खाली स्वयंपाकघराच्या तुळईला, टोकाशी, नखभर भेग. मी बघितलं तेव्हा ती नव्हती, शपथ घेऊन सांगते. सगळ्या वाटा एकाच ठिकाणी जात होत्या. मिस्त्री चालत चालत देवघराच्या दारापर्यंत आले आणि थांबले. आत काकू पूजेला बसलेल्या, सोवळं नेसून. अभिषेकाची बारीक धार चालू होती.

मिस्त्री दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, ह्या खोलीत तुम्ही बघितलंय न्हवं वैनी.

मी हो म्हणाले. तोंडातून हो गेलं आणि मग आठवलं. रुपया हातात घेऊन मी त्या खोलीत गेले होते, आणि रुपया न वाजवता बाहेर आले होते.

दुपारी काकूंना विचारलं, देव्हारा जरा पुढं घेता येईल का, मागची भिंत बघायची आहे. काकू एरवी मऊ. पण या बाबतीत ताठ झाल्या. म्हणाल्या, देव मुहूर्तावर हलतील, अक्षय तृतीयेला. अजून अकरा दिवस आहेत. त्यानंतर भिंत तुमची, खोदून बघा. मी पुढं काही बोलले नाही. देवाच्या बाबतीत कोण बोलणार? शिवाय कारण काय सांगणार होते? त्यांच्या घराला काही झालंय म्हटलं असतं तर गोष्ट गल्लीभर झाली असती. ज्या घराची एकदा बोंब झाली त्या घरात पेशंटचं माणूस येत नाही. असला हिशोब मी करत होते आणि वर एक माणूस प्लास्टरमध्ये जखडून पडला होता. आज लिहितानाही लाज वाटते.

मिस्त्री जाताना म्हणाले की बिराजदारला खाली घेतलेलं बरं. मी म्हटलं, डॉक्टरांनी हलवू नका सांगितलंय, आणि टाकी आता रिकामी आहे, उद्या बघू. त्यांनी तीन नव्या काचा लावल्या आणि तारीख घातली.

संध्याकाळी जेवताना ह्यांना सांगितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत, त्याहून वाईट झालं. शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, एजंट परवाच भेटला होता, साठेखतावरच पुढं विकायचं असेल तर गिऱ्हाईक आहे म्हणाला. जयसिंगपूरचा कोणी. चीर बुजवू, रंग मारू, देऊन टाकू.

“आणि बिराजदार?”

“त्याचं प्लास्टर महिन्यात निघतंय.”

“आणि त्याच्या जागी जे येतील ते?”

ते म्हणाले, “लता, आपल्याला कुणी सांगितलं होतं का? नाही ना? मग आपणच का सांगायचं?”

माझ्या नवऱ्याला मी वाईट माणूस म्हणणार नाही. फंडातून पैसे काढले होते, मुलीचं लग्न दोन वर्षांवर होतं, माणूस घाबरला की असंच बोलतो. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही ते पटलं. मी भांडी घासली, विरजण लावलं, आणि सारखी ती तुटलेली काच डोळ्यांपुढं येत होती. काचेशी कुणी एजंटामार्फत बोलू शकत नाही.

सकाळी सातला जाऊन पोचले. महादेवी जिन्यातच उभी. “वैनी, दार लागंना झालंय बगा. रातच्याला लागत हुतं.”

मी दार ढकलून बघितलं. वरच्या बाजूला चौकटीत घासत होतं. आत गेले. तीनपैकी दोन काचा तुटलेल्या. सिद्राम म्हणाला की पहाटे वर काहीतरी टिक्‌ वाजलं, पाल परत आली वाटतं. तो हसत होता. त्याची अंथरुणावरची छोटी वही उघडी होती, त्यात त्यानं कॉटवर पडून बैलाचं चित्र काढलं होतं, बरं काढलं होतं.

तेव्हा मला रडू आलं. मी महादेवीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. टाकी, काचा, पाल, सगळं. म्हटलं, मी काल सांगायला पाहिजे होतं, चुकले. ती माझ्याकडं बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं पदर खोचला आणि विचारलं, कसं उतरवायचं ह्यांनला?

मिस्त्री आले. समोरच्या रिक्षा स्टँडवरची चार माणसं आली. कॉटच उचलायचं ठरलं, माणसासकट, दोरीनं बांधून. जिना अरुंद, वळणावर कॉट तिरका करायला लागला, सिद्राम दात आवळून पडला होता. महादेवी उलटी उतरत होती, त्याच्या पायाखाली दोन्ही हात लावून, एकेक पायरी. मी वर उभी राहून त्या कोपऱ्याकडं बघत होते. बाकी काही करता येत नव्हतं. खाली अंगणात कडुलिंबाखाली कॉट टेकला तेव्हा मी खाली बसलेच.

आता काकू राहिल्या. देवघरात गेल्या होत्या, पूजेची तयारी चालली होती. मी उंबऱ्यात उभी राहिले. म्हटलं, काकू, आज देव हलवायला लागतील, आत्ता.

“मुहूर्त नाही लता.”

“काकू, ह्या कोपऱ्यात काहीतरी झालंय. घर इथून खचतंय. तुम्ही इथं बसू नका.”

त्या माझ्याकडं बघून हसल्या. चिडून नव्हे. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाल्या, “अगं, इथून कसं खचेल? इथं तर देव बसलेत.”

आणि मग त्यांनी सांगितलं. घर बांधून चार वर्षं झाली होती. सोमणांना पहिला झटका आला. कुणी जाणकार घर बघायला आणला, तो म्हणाला तुमचे देव आग्नेयेला आहेत, ते ईशान्येला हवेत, अगदी कोपऱ्यात. कोपऱ्यात तर खांब. सोमणांनी गवंडी बोलावला आणि खांबातच देवळी कोरून घेतली. आत काळ्या दगडाची बैठक, तिच्यावर पिंडी, पाणी जायला खाली नळी, ती बाहेर तुळशीत काढलेली. देव्हारा त्याच्यापुढं. सोमण बरे झाले. पुढं दहा वर्षं जगले. “ती दहा वर्षं ह्या कोपऱ्यानं दिली मला,” काकू म्हणाल्या.

मागं मिस्त्री उभे होते, दाराच्या बाहेर. ते हळूच म्हणाले, “खांबात?”

 काकूंनी फसवलं असं म्हणायला मला तोंडच नव्हतं. मी देव्हाऱ्यापुढच्या पाटाकडं बघितलं. माझा रुपया तिथंच होता, काकूंनी हळदकुंकू वाहिलं होतं त्याच्यावर.

“काकू, तुमच्या घरातली एकेक भिंत मी ह्या रुपयानं वाजवली. हा कोपरा सोडला. मलापण वाटलं होतं, इथं देव आहेत.”

काकूंनी रुपयाकडं बघितलं. मग समई विझवली. पदरानं वारा घालून, फुंकर न मारता. एकेक देव ताम्हनात काढायला लागल्या. गोपाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख, घंटा.  देव्हारा जड होता, तो माझ्या एकटीनं सरकेना. काकूंनी दाराकडं बघितलं.

“मिस्त्री, तुम्ही आत या.”

“मी भाइरनं सांगतो की काकू.”

“बाहेरून सांगूनच हे झालंय. या.”

ते पाय धुऊन आत आले. देव्हारा आम्ही दोघांनी पुढं ओढला. मागं देवळी. ओल भिंतीवर चढून छातीपर्यंत आली होती, देव्हाऱ्यानं सगळी झाकलेली. मिस्त्रींनी पिंडीला हात लावला नाही. ती काकूंनी उचलली. मग मिस्त्रींनी पटाशी घेतली आणि बैठकीच्या दगडाला नुसतं टोचलं. दगड हातात आला. त्याच्या मागचं काँक्रीट भिजलेल्या चुरमुऱ्यासारखं सुटून खाली पडलं. आत सळ्या होत्या. एक गवंड्यानं तेव्हाच कापलेली. उरलेल्या गंजून फुगलेल्या, आणि एक इतकी बारीक झालेली की मिस्त्रींनी दोन बोटांत धरून मोडून दाखवली.

“नळी तुंबली हुती,” ते म्हणाले. “पाणी तुळशीला जातच न्हवतं. सगळं खांबात.”

काकू पिंडी पोटाशी धरून उभ्या होत्या.

“तुळशीला पाणी कमी यायचं,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं उन्हानं. म्हणून मी जास्त घालायला लागले. आधी अकरा पळ्या घालायची. मग एकवीस.” मग म्हणाल्या, “वीस वर्षं रोज घालत होते हो मी.”

मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली. मी काकूंना बाहेर आणलं आणि कडुलिंबाखाली महादेवीजवळ बसवलं.

दुपारपर्यंत मिस्त्रींनी सेंट्रिंगच्या बल्ल्या आणून खालून वरून टेकू दिले. आमचे हे रजा टाकून आले. खांब बघितला आणि अंगणात येऊन आवाज चढवला. म्हणाले, हा सरळसरळ दगा आहे, विसार परत घ्यायचा आणि वर नुकसानभरपाई. काकू मान हलवत होत्या, घ्या म्हणत होत्या, सगळं घ्या. मी ह्यांना बाजूला नेलं. चार लोकांत नवऱ्याला बोलायची माझी पद्धत नाही, पण त्या दिवशी बोलले. म्हटलं, काल संध्याकाळी जयसिंगपूरच्या माणसाला तुम्ही हेच द्यायला निघाला होता, आणि तुम्हाला तर माहीत होतं. ते गप्प बसले. त्या विषयावर आजतागायत गप्प आहेत.

घर आम्ही घेतलं. किंमत कमी करून घेतलं, दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा केला, उगाच मोठेपणा सांगत नाही. मिस्त्रींनी छत तोलून धरून खांब नव्यानं भरला, भोवती नव्या सळ्यांची चौकट घालून. एकवीस दिवस पाणी मारलं. त्यानंतर मला म्हणाले, वैनी, आता वाजवा. खणखणीत वाजला. आज तिथं आमच्या भाडेकऱ्यांची तिजोरी आहे. सिद्राम आमच्या दुसऱ्या घरातल्या खोलीत चालायला लागला, महिन्याभरानं काठी टेकत घर बघायला आला, आणि वर बघून म्हणाला, पाल गेली का? तो तेव्हा हसला तसं कुणी हसलं की मला अजून बरं वाटत नाही.

काकू त्याच दिवशी संध्याकाळी पुण्याला गेल्या, मुहूर्ताची वाट न बघता. रिक्षात देवांचं ताम्हन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, खांब पाण्यानं गेल्याचं दिनूला सांगू नकोस. त्याच्या बाबांनी कोरला, त्याला तेवढंच माहीत राहू दे. बाकीचं माझं आहे. मी शब्द दिला.

मधे बरीच वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी दिनकर काही कागदाच्या कामासाठी मिरजेला आला होता. काकू गेल्याचं त्यानं सांगितलं. चहा घेता घेता म्हणाला, एक विचारू का? आईचा शेवटपर्यंत देवांवर इतका जीव, पण पुण्याला आल्यापासून तिनं कधी देवांना पाण्यानं आंघोळ घातली नाही. मोठ्या सणालासुद्धा नाही. रोज कोरड्या फडक्यानं पुसायची, एकेक देव, आणि पुसून झालं की खालचा पाट हातानं चाचपून बघायची, ओला आहे का. आम्ही विचारलं तर म्हणायची, त्यांना पाणी सोसत नाही आता.

“इथून निघताना काही झालं होतं का?” त्यानं विचारलं.

मी त्याचा कप उचलला. म्हटलं, “नाही रे. काही नाही.”